पीडितेच्याच माथी भरपाई : देणेकरी कोण, घेणेकरी कोण?

अमेरिकेच्या आयोवा राज्यात डे मॉइन नावाचे शहर आहे. तेथील न्यायालयाने १३ सप्टेंबर २०२२ रोजी १७ वर्षांच्या एका मुलीच्या खटल्यात निकाल दिला. न्यायाधीश होते डेव्हिड पोर्टर. त्यांनी त्या मुलीला तुरुंगात पाठवले नाही. शिक्षा तहकूब ठेवून ५ वर्षे कडक देखरेखीखाली राहण्याचा आदेश दिला. ही बातमी येथवरच असती तर न्यायाधीशाच्या दयाबुद्धीचे कौतुक करून आपण मोकळे झालो असतो. परंतु त्याच निकालात आणखी एक ओळ होती. या मुलीने १ लाख ५० हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १ कोटी २० लाख रुपये भरपाई द्यावी. कोणाला? ज्या माणसाने आपल्यावर पुन्हा पुन्हा बलात्कार केला असे ती सांगत होती, त्याच्या वारसांना!

जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्या मुलीचे नाव आणि छायाचित्र छापले. आपण तिचे नाव घेणार नाही. नावापेक्षा तिची हकीगत महत्त्वाची आहे आणि त्याहूनही महत्त्वाचा आहे तो कायदा, ज्याने विकल्या गेलेल्या मुलीला कर्जदार बनवले.

१५ वर्षांची असताना ती दत्तक घरातील छळाला कंटाळून बाहेर पडली. डे मॉइनमधील एका इमारतीच्या व्हरांड्यात झोपू लागली. तिथे २८ वर्षांच्या एका माणसाने तिला आसरा दिला. आसरा कसला? त्याने तिला इतर पुरुषांकडे पाठवायला सुरुवात केली. त्या पुरुषांपैकी एक ३७ वर्षांचा होता. त्याने काही आठवड्यांत आपल्यावर अनेकदा बलात्कार केला, त्याच्या घरी जाण्यास आपल्याला चाकूचा धाक दाखवून भाग पाडण्यात आले, असे तिने सांगितले. जून २०२० मधील एका रात्री पुन्हा तेच झाले. पलंगाजवळच्या टेबलावर चाकू होता. तो तिने उचलला आणि संतापाच्या भरात त्या माणसावर ३० हून अधिक वार केले. तो मेला.

तिच्यावर अत्याचार झाले, तिचा व्यापार झाला, ही गोष्ट पोलिसांनी किंवा सरकारी वकिलांनी नाकारली नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की, वार झाले तेव्हा तो माणूस झोपलेला होता, म्हणजे त्या क्षणी तिच्या जिवाला धोका नव्हता. २०२१ साली तिने सदोष मनुष्यवध आणि जाणूनबुजून गंभीर दुखापत असे दोन गुन्हे कबूल केले. प्रत्येकी १० वर्षे, म्हणजे २० वर्षांची टांगती तलवार. गुन्हा कबूल केला म्हणून, दुसऱ्याच्या धाकाखाली कृत्य घडले असा बचाव घेण्याचा तिचा हक्कही संपला, असे सरकारी पक्षाने सांगितले. विकल्या गेलेल्या मुलांना खटल्यापासून थोडेफार संरक्षण देणारे कायदे अमेरिकेच्या कितीतरी राज्यांत होते. आयोवात त्या वेळी तसा कायदा नव्हता.

निकालाच्या दिवशी ती स्वतः बोलली. घडले त्याचे तिला दुःख होते, पण या कहाणीत बळी एकच आहे हे तिला मान्य नव्हते. सरकारी वकिलांना तिने स्वतःला बळी म्हणवणे खटकले. मेलेल्या माणसाची मुले बापाला मुकली, याची त्यांनी आठवण करून दिली. न्यायाधीशांनी भरपाईविषयी सांगितले की, राज्याच्या कायद्यापुढे आपल्याला दुसरा मार्गच नाही.

कायद्याचे गणित

हे न्यायाधीशांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि तेच भयंकर आहे. आयोवाचा कायदा असे सांगत होता की, माणसाच्या मृत्यूला कारणीभूत ठरणाऱ्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरणाऱ्याने मृताच्या वारसांना किमान १ लाख ५० हजार डॉलर दिलेच पाहिजेत. गुन्हेगार गरीब की श्रीमंत हे पाहायचे नाही. मेलेल्याने काय केले होते हेही पाहायचे नाही. ही रक्कम अवाजवी दंड ठरते का, असा प्रश्न २००० साली आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने कायदा उचलून धरला. निदान अल्पवयीन मुलांना तरी यातून वगळा, अशी मागणी घेऊन २०१७ साली दुसरे प्रकरण गेले. तेव्हाही न्यायालयाने कायदाच कायम ठेवला. म्हणून २०२२ साली या मुलीपुढे उभ्या असलेल्या न्यायाधीशाच्या हातात दयेची जागा होती, न्यायाची नव्हती. तुरुंग टाळणे त्याला शक्य होते, कर्ज टाळणे शक्य नव्हते.

हे कर्ज किती मोठे आहे? त्या काळात आयोवात किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर होते. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही सुट्टी न घेता काम केले तरी वर्षाला १५ हजार ८० डॉलर होतात. म्हणजे खाणे, घरभाडे, कपडालत्ता, शिक्षण, औषधपाणी यांपैकी कशावरही एक पैसा खर्च न करता तिने जवळजवळ १० वर्षे राबायचे आणि सगळी मजुरी त्या माणसाच्या वारसांच्या हवाली करायची. ज्याने तिच्या शरीराचा वापर केला, त्याच्या घरासाठी आता तिने आपले श्रम द्यायचे. दलालाच्या हातून सुटलेली मुलगी कायद्याने पुन्हा गहाण ठेवली!

तिच्या एका जुन्या शिक्षकाने लोकांकडे मदतीचे आवाहन केले आणि थोड्याच दिवसांत ५ लाख डॉलरहून अधिक वर्गणी जमली. माणसे चांगली असतात याचा हा पुरावा आहे. पण कायदा चांगला असल्याचा हा पुरावा नव्हे. जिची बातमी होत नाही, जिला शिक्षक भेटत नाही, त्या पुढच्या मुलीसाठी वर्गणी कोण गोळा करणार? हक्काच्या जागी दान आले म्हणून हक्काचा प्रश्न संपत नाही, हे आपल्या चळवळीला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही.

पुढची गोष्टही लपवण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती मुलगी देखरेख केंद्रातून निघून गेली आणि काही दिवसांत पकडली गेली. काहींना वाटले, पाहा, हिला संधी दिली तरी हिने ती घालवली. घर, आई, शाळा, झोप यांतले काहीच ज्या मुलीला धड मिळाले नाही, तिने एका निकालाने शहाणे व्हावे अशी अपेक्षा करणाऱ्यांना आपण काय सांगणार?

भरपाईला आपला विरोध आहे का?

मुळीच नाही. ज्याने नुकसान केले त्याने ते भरून द्यावे, हे तत्त्व न्याय्य आहे. आपल्या समाजाने तर यासाठी रस्त्यावर रक्त सांडले आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि १९९५ चे त्याचे नियम आले, म्हणून अत्याचारग्रस्त कुटुंबाला आर्थिक साहाय्य आणि पुनर्वसन मागता येते. २००६ साली खैरलांजी घडले तेव्हा न्याय म्हणजे केवळ फाशी नव्हे, उरलेल्या माणसाचे जगणे उभे करणे हाही न्यायच आहे, हे आपण अनुभवले.

त्या मेलेल्या माणसाच्या मुलांचा प्रश्नही खोटा नाही. बापाच्या पापाची शिक्षा लेकरांना होऊ नये. त्यांच्या शिक्षणाची, पोटापाण्याची सोय व्हायलाच हवी. परंतु ती सोय कोणी करायची? त्यांच्या बापाने जिला ओरबाडले त्या मुलीने की त्या सरकारने, ज्याच्या डोळ्यांदेखत १५ वर्षांची मुलगी व्हरांड्यात झोपत होती? सरकारने आपली जबाबदारी झटकली आणि दोन दुबळ्यांना एकमेकांसमोर उभे केले. एकाच्या पोटाचा घास दुसऱ्याच्या कष्टातून काढायचा आणि स्वतः नामानिराळे राहायचे, ही प्रस्थापित व्यवस्थेची जुनीच रीत आहे.

सुटलेल्यानेच मालकाला पैसे द्यायचे!

ही रीत किती जुनी आहे हे इतिहासात पाहावे. हैतीच्या काळ्या गुलामांनी फ्रेंच मालकांविरुद्ध बंड करून १८०४ साली स्वतःचे स्वतंत्र राष्ट्र उभे केले. १८२५ साली फ्रान्सच्या राजाने युद्धनौका पाठवल्या आणि सांगितले, मान्यता हवी असेल तर आमच्या मळेवाल्यांच्या नुकसानीचे १५ कोटी फ्रँक भरा. त्या ‘नुकसानीत’ गुलामांची किंमतही आली. म्हणजे माणसाने स्वतःच्या सुटकेची किंमत स्वतःच्या मालकाला द्यायची. १८३८ साली रक्कम ९ कोटींवर आली, पण ती भरण्यासाठी काढलेल्या कर्जांचा फास विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या देशाच्या गळ्यात राहिला.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे एप्रिल १८६२ मध्ये गुलामगिरी रद्द झाली. भरपाई मिळाली, पण ती मालकांना, प्रत्येक गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत. पिढ्यान्पिढ्या राबलेल्या माणसाला काय? देश सोडून जाणार असशील तर १०० डॉलरपर्यंत मदत, नाहीतर काही नाही. पुढे १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने सगळ्या अमेरिकेत गुलामगिरी बंद केली, पण त्यातही गुन्ह्याची शिक्षा म्हणून लादलेली वेठ तेवढी वगळली. या एका फटीतून नंतर काळ्या माणसांना क्षुल्लक गुन्ह्यांत पकडून मळ्यांवर आणि खाणींत भाड्याने देण्यात आले.

आपल्याकडे काय झाले? महार वतनाची वेठ मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. थोड्याशा जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात सगळ्या घराने रात्रंदिवस सरकारचे आणि गावाचे काम करायचे, ही गुलामीच होती. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. पण कशी? आधी जमीन सरकारजमा झाली आणि जो पिढ्यान्पिढ्या त्या जमिनीपायी राबला, त्यानेच आकारणीच्या तिप्पट रक्कम मुदतीत भरून ती परत मिळवायची असे ठरले. आकडा लहान वाटेल. पण ज्याच्या घरात मीठ-मिरचीची पंचाईत होती त्याला तोही डोंगर होता. वर्ग ६ ब च्या जमिनींची दुखणी घेऊन तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवणारे आपले लोक आजही गावोगावी आहेत. वेठ सरकारला आणि गावाला दिली, किंमतही आम्हीच द्यायची!

हैती, वॉशिंग्टन, महार वतन आणि डे मॉइन यांत एकच धागा आहे. गुलामी संपते तेव्हा हिशेबाची वही मालकाच्या हातात असते. त्या वहीत मालकाचे नुकसान लिहिलेले असते. गुलामाचे नुकसान लिहायला रकानाच नसतो. आयोवाच्या कायद्यात मृताच्या वारसांचे नुकसान लिहायला जागा होती, १५ वर्षांच्या मुलीच्या नुकसानीला नव्हती.

कलम २३ काय सांगते?

आपल्या संविधानाच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी या दोन गोष्टी एकाच वाक्यात बंद केल्या. हे सहज झालेले नाही. माणूस विकला जाणे आणि माणूस कर्जापायी राबणे ही एकाच गुलामीची दोन तोंडे आहेत, हे त्या मांडणीत उतरले आहे. अमेरिकेच्या तेराव्या दुरुस्तीत गुन्हेगारासाठी ठेवलेला अपवाद आपल्या कलमाच्या शब्दांत नाही, हेही लक्षात घ्यावे.

या कलमावर उभा राहिलेला १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा तर आयोवाच्या नेमका उलट आहे. वेठबिगार मुक्त झाला की त्याचे वेठीचे कर्ज त्याच क्षणी संपले. त्यासाठी दावा चालणार नाही, जप्ती होणार नाही. एवढेच नव्हे, तर संपलेल्या कर्जाची वसुली ज्याने स्वीकारली त्यालाच ३ वर्षांपर्यंत कैद. म्हणजे या कायद्याने हिशेबाची वही मालकाच्या हातातून काढून घेतली. १९८२ साली एशियाड कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, सक्ती म्हणजे केवळ काठी किंवा बंदूक नव्हे. भुकेने आणि गरिबीने माणसाला पर्याय उरला नाही, तर तीही सक्तीच. व्हरांड्यात झोपणाऱ्या मुलीला ही कसोटी लावली असती तर?

पण आपले हात तरी स्वच्छ आहेत का?

अमेरिकेला नावे ठेवून घरी निवांत झोपण्याची सोय नाही. वेठबिगार कायदा कागदावर उत्तम आहे, पण मराठवाड्यातील ऊसतोड मजुराची उचल कधी फिटते ते मुकादमालाच ठाऊक. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा १९५६ चा. या कायद्याचे नाव व्यापाराविरुद्ध आहे, पण कलम ८ खाली गिऱ्हाईक बोलावले म्हणून बाईलाच पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तिला कोणी आणले, कितीला विकले, तिच्या नावावर घरवालीने किती कर्ज मांडले, हे विचारल्यावाचून. तिला आधी विकतो बाजार, मग दंड करते न्यायालय. आणि तो दंड भरण्यासाठी ती पैसे कोणाकडून आणणार? त्याच घरवालीकडून! म्हणजे दंडाची पावती हीच तिची नवी बेडी.

या बायका कोणत्या घरांतून येतात, हे सांगण्याची गरज आहे का? देवाच्या नावाने मुली सोडण्याची प्रथा कोणाच्या वस्तीत होती? यल्लम्माला वाहिलेल्या मुली कोणत्या जातींच्या होत्या? जी जात माणसाला माणूस मानत नाही, ती त्याच्या लेकीला सहज माल मानते. म्हणून हा प्रश्न केवळ स्त्रियांचा किंवा केवळ कायद्याचा नाही, तो जातीचाही आहे. अमेरिकेत तो वर्णाचा आहे. टेनेसी राज्यात सिंटोया ब्राउन या कृष्णवर्णीय मुलीने १६ व्या वर्षी, २००४ साली, तिला विकत घेणाऱ्या माणसाला मारले. तिला जन्मठेप झाली आणि १५ वर्षांनी, २०१९ साली, राज्यपालांच्या माफीने ती सुटली. विस्कॉन्सिनमधील केनोशा येथील दुसऱ्या एका कृष्णवर्णीय मुलीने १७ व्या वर्षी, २०१८ साली, तेच केले. व्यापाराला बळी पडलेल्या व्यक्तीला हत्येच्या खटल्यातही तसा बचाव घेता येऊ शकतो, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले. तरीही २०२४ साली गुन्हा कबूल करून तिला ११ वर्षांचा तुरुंग झाला. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. हे नाते नुसत्या घोषणांचे नव्हते. त्यांच्या मुलीचा खटला आपण आपल्या मुलीचा खटला म्हणून वाचला पाहिजे.

मग मागणी काय करायची?

पहिली मागणी. ज्याचा व्यापार झाला त्याने त्या व्यापारापायी जे केले, त्याबद्दल त्याला शिक्षा नको. हे तत्त्व युरोपच्या परिषदेने २००५ च्या करारात आणि युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशात कमी-अधिक प्रमाणात मान्य केले आहे. आपल्याकडे २०१८ साली लोकसभेने मानवी व्यापाराविषयीचे विधेयक मंजूर केले होते. त्यात पीडिताला सूट होती, पण केवळ १० वर्षे कैद, जन्मठेप किंवा मृत्युदंड होऊ शकणाऱ्या मोठ्या गुन्ह्यांसाठी. धाकाखाली केलेल्या लहान गुन्ह्यांना सूट नाही. जो गुन्हा बाईच्या गळ्यात रोज पडतो तोच वगळलेला! ते विधेयकही २०१९ साली लोकसभेबरोबर बारगळले. नवा कायदा येईल तेव्हा ही उलटी रचना पुन्हा येऊ देता कामा नये.

दुसरी मागणी. भरपाई ठरवताना न्यायाधीशाचे हात बांधू नका. मेलेल्याने जिवंत असताना त्या व्यक्तीचे काय नुकसान केले, हे आधी मांडा आणि मग देणे-घेणे ठरवा.

तिसरी मागणी. वारसांची काळजी सरकारने घ्यावी. आपल्या फौजदारी कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ३५७ अ आले, आणि १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. गुन्हेगार पैसे देऊ शकतो की नाही याची वाट न पाहता बळी पडलेल्याला आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना सरकारी निधीतून भरपाई देण्याची ही सोय आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजनाही आहे. सोय आहे, पण ती मागायला कोणीतरी बरोबर जावे लागते.

हे बरोबर जाणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. धाड पडल्याच्या बातमीत ‘इतक्या बायका पकडल्या’ असे वाचून पान उलटू नका. पोलीस ठाण्यात जा. ती आरोपी म्हणून लिहिली गेली की पीडित म्हणून, ते पाहा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील तिला मिळाला का, ते विचारा. तिच्या नावावर कोणी कर्ज सांगत असेल तर ते कलम २३ समोर टिकणार नाही, हे ठणकावून सांगा.

डे मॉइनच्या न्यायालयात त्या दिवशी एकाच बाजूचा हिशेब मांडला गेला. दुसरी बाजू कोणी मांडली नाही, कारण ती मांडायला कायद्यात पानच नव्हते. ते पान लिहायला लावणे ही आपल्या विचाराची जुनी लढाई आहे. ज्यांना शतकानुशतके देणेकरी ठरवले गेले, ते खरे घेणेकरी आहेत, हे सिद्ध होईपर्यंत ती थांबणार नाही.